गाणे वाजवणाऱ्या यंत्रावर अधिभार लावा आणि तो गाणाऱ्याला द्या : केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

देशातील कॉपीराइटचा कारभार २०१६ पासून आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे. मी कोल्हापूरची लोकगीत गायिका आहे. अंबाबाईची आणि जोतिबाची गाणी, भारुडे, जात्यावरच्या ओव्या गाण्यात माझे आयुष्य गेले. गेल्या वर्षी आमच्या भागातील कलावंतांची एक बैठक झाली. तिथे आलेल्या एका सरकारी अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि सर्वांसमोर शब्द दिला, की मागणी लेखी द्या, तीन महिन्यांत तिचा विचार होऊन सविस्तर उत्तर मिळेल. मी ती लेखी दिली. तीन महिन्यांचे वर्ष झाले आणि आता जे उत्तर हाती पडले आहे ते एका वाक्याचे आहे : सध्याच्या कायद्यात अशी तरतूद नाही. महोदय, तरतूद नाही हे मला ठाऊक होते. ती करावी, एवढीच तर माझी मागणी होती.

मागणी अशी. गाणी साठवणारी आणि वाजवणारी जी यंत्रे बाजारात विकली जातात, म्हणजे खिशात मावणारे म्युझिक प्लेअर, चार्जिंगचे स्पीकर, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि मोबाइल, त्यांच्या पहिल्या विक्रीवर किंवा आयातीवर एक छोटा कॉपीराइट अधिभार लावावा आणि त्या पैशातला कायद्याने ठरवलेला वाटा थेट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना द्यावा. ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जर्मनीने ती १९६५ मध्ये कायद्यात आणली, तेव्हा घरोघरी टेपरेकॉर्डर येऊ लागले होते. लोक घरी बसून गाण्याच्या प्रती काढणार, त्यांना घरात शिरून अडवता येणार नाही आणि अडवूही नये, पण ज्या यंत्राच्या जोरावर हा व्यवहार चालतो त्याच्या किमतीतून कलावंताचा मोबदला बाजूला काढावा, इतका साधा तो विचार आहे.

आपल्याकडे हा व्यवहार कसा चालतो ते दिल्लीत दिसत नसेल, म्हणून सांगते. चैत्र यात्रेत जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या, डोंगरावर सासनकाठ्या नाचत असतात, गुलाल उधळलेला असतो, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत गाणी आधीच भरलेले छोटे स्पीकर ओळीने मांडलेले असतात. कार्ड आपण नेले तर दुकानदार त्यात गाणी मारून देतो. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवती नवरात्रात हेच चालते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर रात्रभर जी गाणी वाजतात तीही पेनड्राइव्हमधलीच असतात. या वर्षीच्या यात्रेत अशाच एका स्पीकरमधून मी माझा आवाज ऐकला. माझे गाणे, मी बांधलेले कडवे, माझ्यामागे झील धरणाऱ्या माझ्या सोबत्यांचे आवाज, आणि संबळावर ज्यांचा हात होता ते तर आज हयातही नाहीत. किंमत विचारली तर सहाशे रुपये. गाणारीचे नाव कुठे आहे असे विचारले तर दुकानदार म्हणाला, ‘मावशी, माल वरून भरूनच येतो.’

त्या दुकानदारावर माझा राग नाही. तो तीन-चार दिवसांच्या यात्रेवर पोट भरणारा माणूस आहे. परंतु कायदा काय सांगतो तेही आपल्याला माहीत असले पाहिजे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ अ प्रमाणे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना ते तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष हा तपशील त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर असावा लागतो. तो न देणाऱ्याला कलम ६८ अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ६३ खालील कॉपीराइटभंग हा दखलपात्र गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मी तो स्पीकर विकत घेतला आणि एका पोलीस ठाण्यात गेले. तिथे मला सांगण्यात आले, की ही दिवाणी बाब आहे, वकील पाहा. कायदा लिहिणारे दिल्लीत बसतात, त्याचा अर्थ न्यायालय लावते, आणि ठाण्यातल्या टेबलापर्यंत तो पोहोचेपर्यंत त्यातला कलावंत गळून पडलेला असतो.

तरीही आधीच भरून विकलेला स्पीकर आणि घरी काढलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची मला जाणीव आहे. पहिला गुन्हा आहे, त्यावर कारवाईच हवी, आणि अधिभार घेतला म्हणून त्याला माफी मिळता कामा नये. दुसरी गोष्ट कायदेशीर आहे, आणि माझे खरे भांडण तिथेच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मधील खासगी वापराची सवलत संगणक प्रणाली सोडून सर्व कृतींना लागू केली, त्यामुळे ध्वनिमुद्रणही तिच्यात आले. म्हणजे स्वतःच्या वापरासाठी गाण्याची प्रत काढणाऱ्या माणसाला संसदेने संरक्षण दिले. उत्तम केले. माझे गाणे शेतातल्या बाईने मोबाइलमध्ये घेतले आणि भांगलण करताना ऐकले तर मला आनंदच आहे, तिच्यावर कोणी खटला भरावा असे मला स्वप्नातही वाटणार नाही. पण ही सवलत ज्यांच्या कष्टातून दिली त्यांना तिची भरपाई कोण देणार, हा प्रश्न त्या वेळी कोणी सोडवला नाही आणि नंतरही कोणी हाती घेतला नाही.

युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात हा प्रश्न एका वाक्यात सोडवला आहे : खासगी प्रतीची मुभा द्यायची असेल तर हक्कधारकांना रास्त भरपाई मिळाली पाहिजे. ब्रिटनने २०१४ मध्ये भरपाईशिवाय अशी मुभा देऊन पाहिली. कलावंतांचे नुकसान नगण्य आहे या सरकारच्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती रद्द केली. स्पेनने यंत्रांवरचा अधिभार काढून सरकारी तिजोरीतून भरपाई द्यायला सुरुवात केली, युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये ती पद्धत अमान्य केली, आणि २०१७ मध्ये स्पेनला अधिभार परत आणावा लागला. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून एमपीथ्री प्लेअर आणि मोबाइलसुद्धा त्यात आले. आपल्याकडे मुभा आहे आणि भरपाई नाही. आमचे नुकसान किती होते हे मोजण्याचा प्रयत्न आपल्या विभागाने कधी केला आहे का? केला असेल तर तो अहवाल जाहीर करावा.

अमेरिकेचा १९९२ चा कायदा तर मी पुतण्याकडून समजावून घेतला आणि रात्री मला झोप लागली नाही. त्या कायद्याने डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांवर दोन टक्के आणि कोऱ्या फितींवर तीन टक्के आकार लावला. जमा रकमेचे दोन भाग झाले, दोन तृतीयांश ध्वनिमुद्रणासाठी आणि एक तृतीयांश गीत-संगीतासाठी. ध्वनिमुद्रणाच्या भागातून सर्वांत आधी चार टक्के बाजूला काढले ते ज्यांचे नाव वेष्टनावर येत नाही अशा साथीदार वादक-गायकांसाठी. महोदय, अमेरिकेच्या कायद्याला झीलकरी आठवले! त्यानंतर उरलेल्यातले चाळीस टक्के मुख्य कलावंतांना आणि साठ टक्के कंपन्यांना. कंपन्यांना झुकते माप आहेच, पण वाटा कायद्यात लिहिलेला आहे, कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्या कायद्याची पळवाटही मला माहीत आहे. संगणकावरून गाणी घेणारा एमपीथ्री प्लेअर त्याच्या व्याख्येत बसत नाही, असा निकाल १९९९ मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला. कॅनडातही असेच झाले. तिथल्या कॉपीराइट मंडळाने डिसेंबर २००३ मध्ये प्लेअरच्या क्षमतेनुसार दोन, पंधरा आणि पंचवीस डॉलर असा अधिभार ठरवला, आणि कायद्याचे शब्द कोऱ्या ध्वनिमुद्रण माध्यमापुरतेच असल्यामुळे एका वर्षात न्यायालयाने तो रद्द केला. यावरून अधिभार नकोच असा निष्कर्ष निघत नाही. यंत्राचे नाव घेऊन कायदा लिहिला की यंत्र बदलताच कायदा निकामी होतो, म्हणून त्याची व्याख्या आज आणि उद्याच्या साठवणीला पुरेल अशी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता माझ्याविषयी थोडे लिहिते, कारण आकड्यांच्या आड माणसे दिसत नाहीत. १९९७ मध्ये एका कंपनीने आमच्या देवीच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली. एकरकमी तीन हजार रुपये दिले. त्यातले मी संबळवाल्यांना, तुणतुण्यावाल्यांना आणि दोन झीलकऱ्यांना वाटले, आणि माझ्या हाती उरले ते प्रवासात गेले. इंग्रजीत छापलेल्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या. त्या कागदाची प्रत आम्हाला मिळाली नाही. ती फीत गावोगावी वाजली, लग्नात, जागरणात, यात्रेत वाजली. आमची गाणी चालतात हे आम्हाला लोकांकडून कळत असे, पैशाच्या रूपाने कधी कळले नाही. पुढे ती कंपनी बंद झाली आणि तिचे हक्क कोणाकडे गेले हे शोधायला मला मार्ग नाही. त्या फितीत माझ्यामागे झील धरणारी माझी मैत्रीण पुढे कपिलतीर्थ मंडईत कोथिंबीर-मेथीच्या पेंढ्या विकत बसली आणि औषधाला पैसे नसताना गेली. तिचा आवाज आजही त्या सहाशे रुपयांच्या स्पीकरमध्ये स्वच्छ ऐकू येतो. तिच्या मुलाला तो ऐकवण्याचे धाडस मला झालेले नाही.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर कलावंताचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि तो पन्नास वर्षांचा आहे. म्हणजे १९९७ मध्ये गायलेल्या माझ्या गाण्यावरचा हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. मी तोवर असणार नाही. २०१२ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट झाली, व्यापारी वापरातून कलावंताला रॉयल्टीचा हक्क कायद्याने मान्य केला. त्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी लेखक-संगीतकारांची बाजू मांडली, आणि २०१३ मध्ये गायकांच्या संस्थेचीही नोंदणी झाली. चित्रपटात गाणाऱ्यांना त्याचा काही ना काही उपयोग झाला असेल. आमच्यापर्यंत, म्हणजे ज्यांच्याकडे करार नाही, कंपनी नाही, त्यांच्यापर्यंत या दुरुस्तीचा एक रुपया आलेला नाही.

याउलट कायदा आमच्या विरोधात किती वेगाने चालतो ते पाहा. माझ्या नातवाने त्याच जुन्या फितीतले माझे एक गाणे माझ्या फोटोसह एका व्हिडिओ संकेतस्थळावर टाकले. थोड्याच वेळात सूचना आली, की या गाण्यावर दुसऱ्याच एका कंपनीचा दावा आहे आणि जाहिरातीचे पैसे तिला जातील. मी कधी नावही न ऐकलेली कंपनी! माझ्या आवाजावर परक्याची मालकी ओळखणारे यंत्र या जगात तयार झाले, पण त्या आवाजाची गाणारी कोण हे ओळखणारी एकही व्यवस्था आपण उभी केली नाही. तक्रार करायची तर इंग्रजी अर्ज आणि मालकीचा कागद हवा. तो कागद माझ्याकडे कधी दिलाच गेला नव्हता.

आम्ही कोल्हापूरची माणसे उसाच्या हिशेबात वाढलो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यायचे असते. ते मिळवायला शेतकऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते हे खरे, पण निदान त्याच्या उसाला काटा आहे, वजनाची पावती आहे, दर आहे आणि मुदत आहे. आमच्या गाण्याला यांतले काहीच नाही. वाहतूक करणाऱ्याला मिळते, दुकानदाराला मिळते, सरकारला मिळते आणि पिकवणारा बांधावर उभा राहतो. सरकारलाही मिळते हे मी विचारपूर्वक लिहीत आहे. म्युझिक प्लेअर असो, स्पीकर असो की मोबाइल, त्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. सहाशे रुपयांचा स्पीकर पक्क्या पावतीने घेतला तर त्यात सुमारे ९१ रुपये सरकारचे. गाणाऱ्यासाठी एक टक्का काढला तर सहा रुपये होतात. लोक ते यंत्र गाणे ऐकायलाच घेतात, तर त्या गाण्याचे सहा रुपयेही नसावेत?

अधिभाराने गरिबाचा मोबाइल महागेल, असे मला त्या बैठकीतच ऐकवले गेले. ज्या सरकारने एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के केला, त्याच्या कारभाऱ्यांना गरिबाची आठवण कलावंताच्या एका टक्क्यापाशीच का व्हावी? दुसरा आक्षेप असा, की आता सगळे इंटरनेटवर ऐकतात, प्रती कोण काढतो. ज्यांना असे वाटते त्यांनी पन्हाळ्यापलीकडच्या किंवा गगनबावड्याच्या वाड्यांवर जाऊन पाहावे. जिथे रेंज येत नाही तिथे कार्डातलीच गाणी वाजतात, आणि तिथे वाजणारी गाणी बहुतेक आमची असतात. तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या साठवणीवर हा भार सरसकट टाकू नये. युरोपीय न्यायालयानेही २०१० मध्ये स्पेनच्या एका खटल्यात तेच सांगितले. दृष्टिहीनांच्या ध्वनिपुस्तक यंत्रांना आणि शाळांच्या खरेदीलाही पूर्ण सूट असावी.

वसुलीचा जाच दुकानदारांच्या मागे लागू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे कोणतीही वसुली आली की तिचे दलाल आधी येतात. अधिभार आयातदाराकडून आणि उत्पादकाकडून, सीमाशुल्क आणि जीएसटीच्या जागीच घ्यावा, म्हणजे यात्रेतल्या विक्रेत्याला कोणी पावतीपुस्तक घेऊन गाठणार नाही. आणि जमा झालेला पैसा एखाद्या संस्थेच्या खात्यात वर्षानुवर्षे पडून राहिला तर या सगळ्याला काही अर्थ उरणार नाही. वाटप किती दिवसांत व्हावे, खर्चापोटी जास्तीत जास्त किती कापावे आणि दरवर्षी हिशेब मराठीसह सर्व भाषांत जाहीर व्हावा, हे नियमातच लिहावे. ज्या गाण्यांचे कलावंत कागदोपत्री सापडत नाहीत त्यांचा वाटा मोठ्या कंपन्यांच्या हिश्शात मिसळू नये. तो त्या त्या भागातील लोककलावंतांसाठी वेगळा राखावा, आणि जिल्ह्याजिल्ह्यात बसून, फिती ऐकून, जुन्या साथीदारांच्या साक्षी घेऊन गाणाऱ्यांची नोंद करावी. आवाज ओळखणारी माणसे अजून जिवंत आहेत. दहा वर्षांनी ती असणार नाहीत.

महाराष्ट्र शासन ज्येष्ठ कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन देते, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या मानधनासाठी आम्हाला आमचे वय आणि आमची गरिबी सिद्ध करावी लागते. मला माझ्या गाण्याचे पैसे हवे आहेत, आणि ते मागताना गरिबीचा दाखला जोडावा लागू नये. ज्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात सन्मानाने ठेवून घेतले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले, त्यांच्या गावातले तेच नाट्यगृह, आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या डोळ्यांदेखत जळाले. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत मी होते. कलेची वास्तू जळाली की निदान ज्वाळा दिसतात, मंत्री येतात, घोषणा होतात. कलावंताचे आयुष्य वर्षानुवर्षे जळत राहते तेव्हा मात्र एका ओळीचे उत्तर येते.

जुलै २०२३ मध्ये आपल्या विभागाने जाहीर सूचना काढून लग्नसमारंभात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, हे स्पष्ट केले. लग्नघरांची अडचण दूर झाली, त्याला माझा विरोध नाही. पण ऐकणाऱ्याची, वाजवणाऱ्याची, सभागृहवाल्याची अडचण समजून घेणाऱ्या विभागाला गाणाऱ्याची अडचण समजून घ्यायला वेळ का मिळत नाही, हे मला कळत नाही. मोठ्या कंपन्यांकडे वकील आहेत, उद्योगांकडे संघटना आहेत, यंत्रे बनवणाऱ्यांना आपल्या दालनात भेटीची वेळ मिळते. या देशातला प्रत्येक कायदा ज्याला दिल्लीचे दार माहीत आहे त्याच्या सोयीने वाकतो, आणि ज्याच्या नावाने तो केला जातो तो दारोदार कागद घेऊन फिरत राहतो, हे शेतकऱ्याच्या बाबतीत पाहिले, यंत्रमाग कामगाराच्या बाबतीत पाहिले, आता आमच्या बाबतीत भोगते आहे.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे नेमके आहे. खासगी प्रतीच्या भरपाईचा प्रश्न आपल्या विभागाने अधिकृतपणे विचारार्थ घ्यावा, त्यावर लोकांच्या सूचना मागवाव्यात, सुनावण्या घ्याव्यात, आणि त्यांपैकी किमान एक कोल्हापुरात मराठीत ठेवावी, जिथे गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर आणि भजनकरी स्वतः येऊन बोलू शकतील. गाणी भरून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर कलम ५२ अ चा तपशील तपासण्याचे लेखी आदेश सीमाशुल्क आणि पोलीस यंत्रणेला पुढच्या चैत्र यात्रेच्या आत मिळावेत. आणि अधिभार लावणार नसाल तर तसे कारणांसह लिहून द्यावे आणि त्याखाली सही करणाऱ्याचे नाव असावे, म्हणजे पुढच्या वेळी कोणाकडे जायचे ते मला समजेल.

तो स्पीकर, त्याची पावती आणि माझ्या मूळ ध्वनिफितीचे वेष्टन मी जपून ठेवले आहे. आपल्या विभागाचा कोणीही अधिकारी आला तर मी ते दाखवायला आणि ओळखीसाठी तेच गाणे समोर बसून गायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक लोकगीत गायिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर